थोरलीचा तार सा

पहिली ओळ नीट वाजली. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते, तिथं थोरली घसरली. घसरली म्हणजे थोडीथोडकी नाही. वर जायचं सोडून भलतीकडंच निघाली आणि शेवटपर्यंत परत आली नाही.

समीरनं मशीन थांबवलं, खुर्ची मागं ढकलली आणि ऑपरेशन करून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांकडं बघतो तसं आमच्याकडं बघितलं.

"डेड आहे," तो म्हणाला. "ऑसिलेटर गेलाय. असे जुने पीस रिपेअर होत नाहीत, शेठ."

दिगंबरशेठ म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक. ऑसिलेटर हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. तरी त्यांनी अशी मान हलवली, की जणू त्यांच्या घरातले दोन-चार ऑसिलेटर याआधीच गेलेत.

आता थोरली कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी जावेबद्दल बोलतेय.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. पंचवटीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. भक्तिगीतांच्या कॅसेट, केबलवरच्या जाहिराती, निवडणुकीत जीपवरून वाजणारी गाणी, सगळं तिथं व्हायचं. मी तिथं कीबोर्ड वाजवायची. शिकले कुठंच नाही. नाशिकरोडला भावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं सोल्डरिंग शिकले. शेजाऱ्यांकडं पेटी होती, तिथं सूर शिकले. दोन्ही हातात राहिलं, म्हणून वाजवायचं काम माझं आणि वाजेनासं झालं की उघडून बघायचं कामही माझंच.

स्टुडिओत दोन जुने जपानी सिंथेसायझर होते. मुंबईच्या एका वादकानं नवं घेतलं तेव्हा जुने काढून टाकले, ते शेठनी आणले. धाकटी त्यातल्या त्यात नवी, एका वेळी सहा सूर वाजवणारी. थोरली खूप जुनी. एका वेळी एकच सूर. पण काय सूर! भरलेल्या रांजणातून बोलल्यासारखा. तिच्या पोटात चिप-बिप नाही, सगळा विजेचा खेळ. त्यामुळं तिला तापायला तास-दीड तास लागतो. थंड असताना वाजवली की सूर हलतो. मी सकाळी आले की आधी तिचं बटण लावायची आणि मग चप्पल काढायची.

बारा वर्षं मी तिच्यावर वाजवत होते. नवा माणूस आला की शेठ अभिमानानं तिच्याकडं बोट दाखवत, आणि तो गेला की मला विचारत, "काकू, हिचं नक्की काय विशेष आहे हो?"

तर अशा आमच्या स्टुडिओत सेक्वेन्सर आला. सेक्वेन्सर म्हणजे बटणांचा एक डबा. तो स्वतः काही वाजवत नाही. लग्नात एक काका असतात बघा, स्वतः ताट उचलत नाहीत, पण कोणत्या पंगतीत कोणी कधी काय वाढायचं ते सगळं त्यांनाच माहीत. तसा तो. एकदा त्याला गाणं पढवलं, की तो वायरीतून सिंथेसायझरला सांगत बसतो: आता सा, आता ग, आता थांब. धाकटीला त्याची भाषा थेट कळायची. थोरलीच्या काळात ती भाषाच नव्हती. तिला फक्त व्होल्ट कळतात. इतके व्होल्ट आले की हा सूर, तितके आले की तो. म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लावायचा. त्याला मी दुभाषा म्हणायची. सेक्वेन्सरनं सूर सांगितला, की दुभाषा त्याचे व्होल्ट करून थोरलीला देणार.

सेक्वेन्सर, दुभाषा आणि समीर, तिन्ही एकाच पार्सलमधून मुंबईहून आले. समीर प्रोग्रामर होता, म्हणजे त्या डब्याला गाणं पढवणारा. तिशीतला, खोलीतसुद्धा गॉगल कपाळावर, आणि येताच त्यानं जाहीर केलं, की नाशिकचं म्युझिक दहा वर्षं मागं आहे. मुंबईचं कुठं पोचलंय ते त्यानं सांगितलं नाही. मला तो आंटी म्हणायचा. मला गल्लीत मावशी म्हणतात, स्टुडिओत काकू म्हणतात. एका तबलजीनं भांडणात एकदा टवळीसुद्धा म्हटलंय. पण आंटी कोणी म्हटलं नव्हतं.

काम होतं पिंपळगाव बसवंतच्या वामनतात्यांचं. त्यांनी नवं कोल्ड स्टोरेज बांधलं होतं. उद्घाटनाला स्वतःचं गाणं पाहिजे होतं, द्राक्षांवर. एकच अट, गाण्याचा पहिला टेक दसऱ्याला विजय मुहूर्तावर, त्यांच्यासमोर घ्यायचा.

"मुहूर्त चुकला तर मला गाणं नको," ते म्हणाले होते. "दुसरीकडं जाईन. लोक लय हायेत."

त्या दिवशी अष्टमी होती आणि थोरली डेड जाहीर झाली होती.

"मग आता?" शेठनी विचारलं.

समीरनं उसासा टाकला. इतका तयार उसासा मी नाटकातही ऐकला नाही. "मी एक करतो, शेठ. माझ्याकडं नवा कीबोर्ड आहे, तो तुम्हाला देतो. हे भंगार मी घेऊन जातो. तुमची अडचण नको."

भंगार नेऊन वर नवा कीबोर्ड द्यायचा. आमच्या गल्लीत बोहारीण येते, ती जुन्या कपड्यांवर भांडी देते. पण ती बाई कपडा उजेडात धरून बघते, कुठं विरलाय ते बोट घालून दाखवते आणि पातेल्याऐवजी वाटीवर आणते. घासाघीस न करता कोणी वस्तू उचलायला निघाला, की मला त्या वस्तूचा नाही, माणसाचा संशय येतो.

"सकाळी मी हातानं वाजवली तेव्हा व्यवस्थित होती," मी म्हणाले.

"आंटी, हातानं वाजवणं वेगळं. सेक्वेन्सर प्रिसिजन मागतो."

"बरं, मग त्याला तीनच सूर मागायला सांगा. खालचा सा, मधला सा, तार सा."

त्यानं हसून बटणं दाबली. खालचा सा आला. मधला सा आला. तार सा यायच्या जागी पंचम आला. चक्क, स्वच्छ पंचम. परत दाबलं, परत तेच. सा, सा, प.

"बघितलं?" समीर म्हणाला. "आउट ऑफ ट्यून."

माझ्या डोक्यात किडा शिरला. अहो, बिघडलेलं वाद्य कसंही वाजतं. आज इकडं, उद्या तिकडं. बिघडलेलं वाद्य दर वेळी अचूक पंचम लावत नाही. जे दर वेळी तंतोतंत एकच चूक करतं ते बिघडलेलं नसतं. त्याला कोणीतरी चुकीचं सांगत असतं.

शेठ त्याला घेऊन मिसळ खायला गेले. मी भावाच्या दुकानातला व्होल्ट मोजायचा जुना मल्टीमीटर काढला. थोरलीच्या मागं एक भोक आहे, तिथून ती स्वतःच्या पट्टीचे व्होल्ट बाहेर देते. मी हातानं खालचा सा दाबला. एक व्होल्ट. मधला सा, दोन व्होल्ट. तार सा दाबला. काटा चारवर गेला.

मग तोच काटा दुभाष्याला लावला आणि सेक्वेन्सरला तेच तीन सूर मागितले. एक. दोन. तीन.

संपला प्रश्न. सांगते कसा ते.

त्या जुन्या काळात कंपन्यांमध्ये दोन पद्धती होत्या. एकीत एकेक व्होल्ट वाढवला की एकेक सप्तक वर. एक, दोन, तीन. दुसरीत व्होल्ट दुप्पट केला की एक सप्तक वर. एक, दोन, चार. एक आणि दोनवर दोन्ही पद्धतींचं पटतं, आणि पहिल्या ओळीत थोरलीला खालचा सा आणि मधला सा एवढेच सूर होते, म्हणून ती ओळ नीट वाजली. पुढं बिनसतं. थोरली दुपटीवाली. तार साला तिला चार लागतात, दुभाषा तिला तीन देत होता. आणि तीनवर तिच्याकडं पंचमच आहे. बिचारी जे वाढलं ते खात होती.

दुभाषा मी उलटा केला. पोटाखाली एक बारीक छिद्र, आत इवलासा खटका. दोन बाजू. पहिल्या पद्धतीवर ठेवलेला.

तेवढ्यात दोघं जिन्यात बोलत आले. मी डबा सरळ केला आणि शेठना सगळं समजावून सांगायला लागले. एक-दोन-तीन, एक-दोन-चार. शेठ माझ्याकडं बघत होते, पण मन मिसळीत होतं.

"समीर, काय म्हणतात काकू?"

"आंटी किचनच्या हिशोबानं सांगतायत," समीर म्हणाला. "कन्व्हर्टर सील्ड आहे, शेठ. कोणी हात लावला तर वॉरंटी गेली. मग मी जबाबदार नाही."

वॉरंटी म्हटल्याबरोबर शेठचा चेहरा देवासमोर बसल्यासारखा झाला. "काकू, हात लावू नका बरं. ते मुंबईचे आहेत."

मुंबईचे आहेत! एवढंच क्वालिफिकेशन. मी म्हटलं, "ठीक. पण दसऱ्याला तात्यांसमोर एकदा ही वाजेल. तिथं चुकली तर खुशाल द्या."

शेठनी समीरकडं बघितलं. समीर उदार झाला. "चालेल ना. आंटींचं समाधान होऊ दे. तात्यांचा टेम्पो दसऱ्याला टोमॅटो घेऊन मुंबईला जातोच आहे, त्याच्यात चढवू. मी बोललोय ड्रायव्हरशी."

निदान दसऱ्याला होणार होतं, आणि न्यायची सोय अष्टमीलाच झाली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. ज्याचं जे हत्यार, ते. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, आमचे सिंथेसायझर. आणि एकदा पूजेला लावलं, की दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत हत्यार चालवायचं नाही. शेठ या बाबतीत फार कडक. खटका फिरवून वाजवून बघायची सोयच राहिली नाही. मला कळलंय ते बरोबर की चूक, ते तात्यांसमोरच कळणार होतं. चूक निघालं असतं, तर थोरली टोमॅटोच्या क्रेटांमधून निघाली असती, आणि नाशिकची काकू किचनच्या हिशोबानं चालते ही गोष्ट मुंबईपर्यंत पोचली असती.

सकाळी मी लवकर पोचले. पलीकडच्या खोलीत फोन होता. समीर आतून बोलत होता, दार अर्धवट लोटलेलं.

"हां, वही पीस. ओरिजिनल नॉब्ज के साथ। कल भेजता हूं, टेम्पो में। घर में रखना, किसी को बोलना मत। इन लोगों को कुछ आयडिया नहीं है।"

मी पायातल्या चपलांचा आवाज करत पुढं गेले. त्यानं फोन ठेवला. "गुड मॉर्निंग, आंटी."

"गुड मॉर्निंग," मी म्हटलं. आयडिया नव्हती ना आम्हाला.

तरी एक शंका राहिलीच. थोरली मौल्यवान आहे हे त्याला माहीत होतं, हे नक्की. पण खटक्याचं? तो लबाड होता की नुसता अडाणी? अडाणी असेल तर मी त्याला माफ करायला तयार होते. अडाण्यांबरोबर मी बारा वर्षं काम केलं होतं.

पूजेआधी हत्यार पुसायचं असतं. तो मान माझा. ओल्या फडक्यानं धाकटी पुसली, थोरली पुसली, सेक्वेन्सर पुसला. दुभाषा पुसताना मांडीवर उलटा घेतला, अंबाड्यातला आकडा काढला आणि छिद्रात घातला. टिक. एवढासा आवाज. शेठ तेव्हा झेंडूची माळ सोडवत होते. मखमलाबादच्या मळ्यातून चार किलो आणला होता, जसं काही विमानाची पूजा आहे.

हळद-कुंकू घेऊन शेठ पुढं सरसावले आणि थेट थोरलीच्या सरकत्या बटणांच्या खाचांवर बोट नेलं.

"शेठ, तिथं नको! लाकडावर लावा, बाजूला."

"का? ते महत्त्वाचं आहे ना?"

"महत्त्वाचं आहे म्हणूनच नको. तुम्ही देवीच्या डोळ्यात कुंकू घालता का?"

बाजूला लावलं. मग तांब्यातलं पाणी पानानं शिंपडायला निघाले. मी पदर पसरून मध्ये उभी राहिले. सगळं पाणी माझ्या अंगावर. माझीच पूजा झाली म्हणा. समीर भिंतीला टेकून मजा बघत होता.

खरी अडचण पुढं आली. शेठ म्हणाले, "आता सगळं बंद करा. उद्या मुहूर्तावर चालू."

बंद करायचं म्हणजे थोरली दुसऱ्या दुपारपर्यंत गार पडणार, आणि मुहूर्ताला थंडगार अवस्थेत वाजणार. खटका बरोबर असला तरी सूर हलला असता. समीरला तेवढंही पुरलं असतं. तो पटकन म्हणाला, "हो हो, शेठ. परंपरा म्हणजे परंपरा."

मी शेठना विचारलं, "तुमच्या घरी घट बसलेत ना?"

"बसलेत की."

"घटापाशी दिवा आहे?"

"अखंड आहे. दहा दिवस."

"पूजा झाली म्हणून तो विझवता?"

"काय बोलता, काकू! दिवा कसा विझवायचा?"

मी थोरलीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक लालबुंद बारीक दिवा आहे, बटण चालू असलं की लागतो. "मग हा कसा विझवणार? वाजवायची नाही, कबूल. बोट लावायचं नाही, कबूल. पण पूजेतला पेटता दिवा तुम्ही आपल्या हातानं घालवणार असाल, तर घालवा. मी नाही घालवत."

शेठचा हात बटणापर्यंत गेला होता. तो तिथून चटका बसल्यासारखा मागं आला. लाल दिव्यासमोर त्यांनी हातही जोडले. समीर काहीतरी सर्किट ओव्हरहीट होईल म्हणाला. शेठ त्याच्यावर पहिल्यांदाच खेकसले, "दिवा आहे तो!"

बारा वर्षं मी त्यांना तापमान समजावत होते. तापमान त्यांना कळलं नाही. दिवा एका मिनिटात कळला. 

दसऱ्याला वामनतात्या दुपारी दोनलाच हजर. पांढरी टोपी, खिशात आपट्याची पानं. खाली टेम्पो उभा, टोमॅटोचे क्रेट रचलेले, आणि मध्ये एका सिंथेसायझरएवढी जागा रिकामी सोडलेली. खिडकीतून मला ती जागा स्पष्ट दिसत होती. समीरनं तिथं गादीपण अंथरून घेतली होती. भंगाराला गादी!

मुहूर्त लागला. शेठनी माळ काढली. माझे हात लागणारच नव्हते. बटण समीर दाबणार होता.

"गाण्याच्या आधी आंटींचीच टेस्ट घेऊ," तो तात्यांना म्हणाला. "तीन सूर. तुम्हीच ऐका म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको."

"ऐकव ना भाऊ. आपल्याला कानच हायेत."

खालचा सा आला. मधला सा आला. मी डोळे मिटले.

तार सा आला. सरळ, भरलेला, सुईसारखा उभा. एक केसभर हलला नाही.

आणि तेव्हा समीरनं जे केलं, ते मी आजवर विसरले नाही. तो थोरलीकडं वळला नाही. सेक्वेन्सरकडं बघितलं नाही. वायरी तपासल्या नाहीत. त्याचा हात थेट दुभाष्यावर गेला. त्यानं डबा उचलला, उलटा केला आणि त्या बारीक छिद्रात डोळा घातला.

अडाणी माणूस डबा उलटा करत नाही हो. छिद्र कुठं आहे ते ज्याला आधीच माहीत असतं, तोच करतो.

खोलीत सगळे त्याच्याकडं बघत होते. तो डबा डोळ्याला लावून वाकलेला, गॉगल कपाळावरून घसरून नाकावर.

"काय भाऊ," तात्या म्हणाले, "काही पडलंय का तिथं?"

"नाही. सीरियल नंबर बघत होतो."

"सील्ड आहे ना तो?" मी विचारलं. "वॉरंटी जाईल बरं का."

त्यानं डबा ठेवला. माझ्याकडं बघितलं. मी अंबाडा सारखा केला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. गाणं अथपासून इतिपर्यंत वाजलं, पहिल्याच टेकमध्ये. थोरलीनं वरची ओळ अशी म्हटली, की शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. तात्यांनी मात्र डोकं खाजवलं. "बरं हाय. पण द्राक्षाचं नाव अजून दोनदा यायला पायजे होतं." आम्ही ट्रॅक वाजवत होतो, शब्द त्यात नव्हतेच. ते त्यांना सांगेपर्यंत त्यांनी आम्हाला सोनं वाटायला सुरुवातपण केली.

समीरलाही एक पान मिळालं. तो टेम्पोतूनच गेला, ड्रायव्हरशेजारी बसून. मागं क्रेटांमध्ये गादी तशीच अंथरलेली.

मी शेठना नंतर सगळं सांगितलं. खटका, आकडा, फोन, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही काहीही म्हणा. दिवा विझला नाही, म्हणून देवीनं राखली." त्यानंतर दर नवरात्रात थोरलीचा लाल दिवा दहा दिवस तेवत ठेवायचा नियम झाला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शेठ ती कथा सांगत. त्यात देवी असायची, दिवा असायचा, शेठ स्वतः असायचे. मी पाणी अंगावर घेणारी बाई म्हणून एकदा यायची.

पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, गाणी बेडरूममध्ये व्हायला लागली आणि स्टुडिओ बंद पडला. आवराआवरीच्या दिवशी शेठ मला म्हणाले, "काकू, ही थोरली तुम्हीच न्या ना. उगाच जागा अडवते." असं आहे. ज्याला किंमत कळत होती त्यानं चोरायला बघितली, आणि ज्याची होती त्यानं जागा अडवते म्हणून दिली. आता ती माझ्या पुढच्या खोलीत आहे. सकाळी उठले की आधी तिचं बटण लावते, मग चहाचं आधण ठेवते.

आमच्या धंद्यात येणाऱ्या मुलींना मी फार काही शिकवत नाही. दोनच गोष्टी सांगते. वाद्य चुकलं तर आधी बघा, दर वेळी तीच चूक करतंय का. आणि तज्ज्ञ माणूस म्हणाला की हे गेलं, तर वाद घालू नका. खिडकीतून खाली बघा, टेम्पोत गादी अंथरलीय का.